अक्का आणि चौतीस किलोंचा दगडू

अक्का, काल बाजारात रशीदभाईंच्या काट्यावर दगडू साडेसव्वीस किलो भरला, आणि या वेळी काट्याजवळ दुसरं कुणीही उभं नव्हतं. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला द्यायची होती. घरी येऊन दारातूनच "अक्का, साडेसव्वीस!" म्हणून ओरडले, आणि चपला काढता काढता आठवलं.

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. नातवंडांना, इरा आणि निहारला, टोरंटोहून येता आलं नाही. अक्काआजीबद्दल काहीतरी लिहून पाठव, असं दोघंही म्हणाली. मी सवयीप्रमाणे वही काढली, समास आखला आणि जन्मगाव, शिक्षण, लग्न, सासर अशी यादी करायला बसले. अर्ध्या पानावर हात थांबला. त्या यादीत तुम्ही कुठेच नव्हता. तुम्ही होता त्या जागी एक लठ्ठ कुत्रा होता आणि माझ्याशी चाललेलं एक लांबलचक भांडण होतं. म्हणून ते पान फाडलं आणि तुम्हालाच लिहायला घेतलं. मुलं वाचतीलच.

तुम्ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तुमचा भाऊ गेल्यावर गोंडपिपरीच्या या घरात आपण दोघीच उरलो. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, तुम्ही चौथीनंतर पाटी ठेवून दिलेली. मी तुम्हाला अक्का म्हणायचे आणि तुम्ही मला मास्तरीन. रागावलात की मास्तरीनबाई. माझं नाव तुम्हाला ठाऊक होतं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

दगडू लठ्ठ आहे हे मला फार उशिरा कळलं. रोज डोळ्यांसमोर असलेलं जनावर थोडं थोडं वाढतं आणि आपल्याला ते तेवढंच दिसत राहतं. शिवाय ओट्यावर येणारा प्रत्येक माणूस त्याचं कौतुकच करायचा. "काय सजला हाये बाप्पा कुत्रा!" असं कुणी म्हटलं की तुमची मान ताठ व्हायची. शेवटी एका रविवारी मी मुलांशी व्हिडिओवर बोलत असताना निहार मध्येच ओरडला, "आजी, तुझ्या मागचा सोफा हलला!" सोफा ओट्यावर नाहीच. तो दगडू होता.

इराने मग त्याचा वरून फोटो काढायला सांगितलं. मी स्टुलावर चढले, तुम्ही स्टूल धरलंत. "पडशीन वं मास्तरीन, कुत्र्याच्या फोटोपायी तंगडी मोडून घेशीन." फोटो बघितला तेव्हा माझेही डोळे उघडले. छातीच्या मागे कुत्र्याला थोडी कंबर असते. दगडूची कंबर कुठे होती? वरून तो पाण्याच्या माठासारखा दिसत होता, फक्त एका टोकाला शेपूट. मग ज्या गोष्टी मी रोज बघून सोडून देत होते त्या एकेक करून आठवायला लागल्या. फाटकापासून ओट्यापर्यंत येताना तो दोनदा बसायचा. खाली बसताना आधी मागचं अंग टेकायचा, मग जरा विचार करायचा, मग पुढचं. कान खाजवायला पाय उचलायचा, तो कानापर्यंत पोचायचाच नाही, तर तसाच हवेत खाजवून समाधान मानायचा. तीन पायऱ्या चढायला नको म्हणून खालूनच भुंकायचा, आणि भुंकतानाही मध्ये दम घ्यायचा. वय जेमतेम तीन वर्षं.

आपण त्याला ऑटोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले टेबलावर घ्या. तो चढेना आणि आपल्याला उचलेना. शेवटी डॉक्टरच खाली फरशीवर बसले.

"मॅडम," ते हसत म्हणाले, "माझ्याकडे येतात ती हाडं निघालेली जनावरं. वजन उतरवायला आणलेलं हे पहिलंच."

"खात्यापित्या घरचा हाये तो, डाक्टर," तुम्ही म्हणालात. "तुम्ही नजर नका लावू."

डॉक्टरांनी नजर नाही, हात लावला. आणि आपल्यालाही शिकवलं. इरा, निहार, हे तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून नीट लिहिते. आधी मूठ आवळायची आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या गाठींवरून फिरवायची. जनावराच्या बरगड्या अशा टोचल्या तर ते रोड आहे. मग हात सरळ पसरून पंज्याच्या पाठीवरून बोटं फिरवायची. हाडं फारशी दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, तसं असेल तर सगळं ठीक. मग हात उलटा करून अंगठ्याखालच्या मऊ गादीवरून बोटं फिरवायची. बरगड्या तशा लागल्या, म्हणजे दाबून शोधाव्या लागल्या, तर जनावर लठ्ठ. डॉक्टरांनी दगडूच्या कुशीत बोटं दाबली, इकडे शोधलं, तिकडे शोधलं आणि म्हणाले, "असतील इथेच कुठेतरी."

रक्त तपासलं. त्यात आजार निघाला नाही. आजार त्याच्या ताटलीत होता. डॉक्टरांनी दिवसाचं खाणं वाटीने ठरवून दिलं. बिस्किट दिलं तर ते त्यातलंच, पोळीचा तुकडा दिला तर तोही त्यातलाच. एकदम उपाशी ठेवायचं नाही, महिनोन्‌महिने हळूहळू उतरवायचं. मी इराच्या पिकूबद्दलही विचारून घेतलं, कारण तिने पाठवलेल्या फोटोत ते मांजर खिडकीच्या कट्ट्यावर मावत नव्हतं. तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. लठ्ठ मांजराला कधीही उपास घडवायचा नाही, म्हणाले. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तरी त्याचं यकृत बिघडून जिवावर बेततं. मांजराचं खाणं कमी करायचं ते तिथल्या डॉक्टरला विचारून, अगदी थोडं थोडं. इराने ते ऐकलं. पिकू आता कट्ट्यावर मावतं.

घरी आल्यावर तुम्ही लुगड्याचा पदर बाजूला करून स्वतःच्याच बरगड्या चाचपल्यात. "ह्या तं मुठीसारख्या लागून राह्यल्या. म्हंजे मी उपाशी मरून राह्यली म्हन!" मग माझ्याकडे वळलात. "आन वरून पाह्यलं तं कंबर दिसली पाह्यजे म्हने डाक्टर. उभी राह्य जरा मास्तरीन, मी स्टूल आनतो." मी उभी राहिले नाही. त्या दिवसापासून संध्याकाळचं बिस्किट मात्र मीही एकावर आणलं, हे तुमच्या लक्षात आलं होतं आणि तुम्ही त्यावर बोलला नाहीत. तुमचे उपकार.

मी एक स्टीलची वाटी ठरवली. तिच्यावर लाल रंगाने खूण केली. भिंतीवर कागद चिकटवला: सकाळी एक, संध्याकाळी एक. वाटी तुमच्या हातात होती. वाटी तीच होती, पण ती भरायची कशी हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही भात असा काही रचायचात की वाटीच्या वर आणखी एक वाटी उभी राहायची. मी हटकलं तर म्हणायचात, "एकच हाये न? मोज. तूच तं मास्तरीन."

दर पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी वजन करायचं ठरलं. रशीदभाई कापूस, सोयाबीन आणि धान घेतात. त्यांचा जमिनीवरचा मोठा काटा आहे. पोती उतरली की मधल्या वेळात दगडू. पहिल्यांदा तो तेहेतीस भरला. तुम्ही त्याच्याजवळ वाकून उभ्या होता. "घाबरते तो काट्याले, मी धरून राह्यली," म्हणालात. पुढच्या वेळी साडेतीस. त्याच्या पुढच्या वेळी अठ्ठावीस! मी वहीत लिहिलं, त्याखाली रेघ मारली, मुलांना फोन केला. डॉक्टर मात्र काळजीत पडले. इतक्या झपाट्याने उतरता कामा नये, पुन्हा रक्त बघू, म्हणाले.

चौथ्या वेळी तुम्हाला ताप होता म्हणून मी एकटीच गेले. दगडू काट्यावर गेला, ऐटीत बसला, अजिबात घाबरला नाही. आकडा आला चौतीस.

मी रशीदभाईंकडे बघितलं. ते सोयाबीनच्या पोत्याकडे बघत होते. "म्याडम, एक बात सांगू?" ते शेवटी म्हणाले. "मागच्या टाईमले बाई त्याच्या पोटाखाली हात घालून उचलून उभ्या होत्या न. मले वाटलं, तुमचं घरातलं ठरेल असन."

अक्का, मी त्या दिवशी इतकी रागावले होते, की येताना ऑटोत दगडूशीसुद्धा बोलले नाही. शाळेत मुलं नक्कल करताना सापडली की जसं व्हायचं तसं झालं होतं. कोणती वाक्यं बोलायची ती मनात मांडून घेतली होती. घरात शिरले, तुम्ही गोधडी पांघरून पडल्या होता. मी म्हटलं, "अक्का, चौतीस."

तुम्ही उठून बसलात. तोंडावर ताप होता, पण डोळे असे काही चमकले, की पहिल्या नातवाची बातमी आली तेव्हाही ते तसे चमकले नसतील.

"चौतीस? खरं?"

"खरं. आणि तुम्ही—"

"मंग आता नाई उचलत तो," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा आडव्या झालात. "बाप्पा, सुटलो."

मी विचारलं, कोण नाही उचलत? आणि विचारता विचारताच मला कळलं.

मुलांना काडीची गोष्ट अर्धीच माहीत आहे. आज पुरी लिहिते. दगडूच्या आधी आपल्याकडे काडी होती. नावासारखीच, बारा-तेरा किलोंची, वाऱ्याने उडेल अशी. घरात कुत्रं येणार नाही, हा माझा नियम होता. तुमच्या भावानेही तो मानला होता. काडीची जागा अंगणात, पोत्यावर. त्या संध्याकाळी दिवे लागले होते, बैठकीत पाहुणे बसले होते आणि काडी बाहेरून दार खरवडत होती. तुम्ही उठायला लागलात. मी म्हटलं, "बसा अक्का, पाहुणे आले की ती असंच करते. उघडू नका." तुम्ही बसलात. नंतर एकदाच ती केकाटली. आपण स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा बिबट्या तिला तोंडात धरून कुंपणाच्या भिंतीवर चढला होता. क्षणभर तिथे थांबला, आणि पलीकडे नाल्यात उतरून गेला. उशी उचलून न्यावी इतक्या सहज.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली. शेजारपाजार आला. प्रत्येकाने विचारलं, कुणालाच कसं कळलं नाही? आणि प्रत्येकाला तुम्ही तेच उत्तर दिलंत: "आला आन घेऊन गेला. कोनाले मालूमच नाई पडलं." दार खरवडल्याचं तुम्ही कुणालाही सांगितलं नाही. मलाही नाही. त्यानंतर एकदाही नाही. आपली भांडणं काय कमी झाली? मीठ जास्त पडलं म्हणून, वर्तमानपत्राच्या घड्या विस्कटल्या म्हणून. त्या प्रत्येक भांडणात ते वाक्य तुमच्या हाताशी होतं. तुम्ही ते कधी उचललं नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही बाजारातून एक पिल्लू पदराखाली घालून आणलंत आणि त्याचं नाव दगडू ठेवलंत. आधीचं मूल दगावलं की पुढच्याला धोंडू, दगडू म्हणायचं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावरून घसरते, ही आपल्याकडची जुनी रीत. मी तेव्हा हसले होते. तुम्ही मात्र नावावर थांबणाऱ्या नव्हता. नावात दगड, तसा अंगातही दगड भरायचा तुमचा बेत होता. हलकी होती म्हणून काडी गेली. हा इतका जड करायचा की कोणत्याही बिबट्याला तो भिंतीवरून नेता येऊ नये. वरणभात, तुपाची पोळी, सुकटीची डोकी, तुमच्या स्वतःच्या ताटातला अर्धा घास. मी त्याला लाड समजत होते. तो बंदोबस्त होता.

आणि माझा नियम बदल, असं तुम्ही म्हणू शकत होता. हे घर माझ्याआधी तुमचं. या अंगणात तुम्ही परकर नेसून खेळलात. तरी सासरहून परत येऊन राहिल्यापासून तुम्ही या घरात कशाचीच मागणी केली नाहीत. नियमाला हात न लावता कुत्राच बदलायला घेतलात.

तुमचा ताप उतरल्यावर मी डॉक्टरांना घरीच चहाला बोलावलं, म्हणजे तुम्हाला समोरासमोर ऐकता येईल. ते म्हणाले, "अक्का, बिबट्याने मारलेल्या जनावरांचे पंचनामे मीच करतो. आपल्या वजनाइतकं जनावर तो तोंडात धरून झाडावर नेतो. चौतीस किलो त्याला काहीच नाही. उलट जाड कुत्र्याला पळता येत नाही."

"झाडावर नेते म्हन्ता," तुम्ही म्हणालात. "भितीवरून नेते असं पाह्यलं का तुम्ही?"

"भिंत झाडापेक्षा सोपी असते, अक्का."

"झाडाले धराले फांद्या असते. भितीले काय असते? तुम्ही चढून पाह्यली का कधी?"

डॉक्टरांनी चहा संपवला. जाताना मला फाटकापाशी म्हणाले, दगडूला अंधार पडायच्या आत घरात घ्या, तोच खरा उपाय.

ते मलाही आधीच कळलं होतं. त्या संध्याकाळी मी बैठकीच्या कोपऱ्यात पोतं अंथरलं, त्यावर चादर घातली आणि दार उघडून दगडूला बोलावलं. तुम्ही तांदूळ निवडत होता. हात थांबला. दगडू शेवटच्या पायरीखाली उभा राहिला, उंबऱ्याकडे बघितलं आणि बसला. मी पुन्हा बोलावलं. त्याने मान फिरवली. तुम्ही हसायला लागलात ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी. "घे! तुया नियम त्यालेच पाठ होऊन गेला. तू सोडला, तो सोडत नाई."

मग आपण दोघी. तुम्ही पुढून पोळीचा तुकडा धरलेला, मी मागून ढकलतेय. एक पायरी. दम. दुसरी पायरी. "जोर लाव न वं, पगार घेतला न इतके वर्षं!" तिसऱ्या पायरीवर तो माझ्या पायावरच बसला. चौतीस किलो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही पदर तोंडावर धरून भिंतीला टेकलात. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून विचारत होती, "काय झालं अक्का, कोन पडलं?" तुम्ही सांगितलंत, "कोनी नाई. पाहुना घरात घेऊन राह्यलो."

तो आत आला. पोत्यावर बसला. आधी मागचं, मग विचार, मग पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी बघितली. भात काठाशी सपाट होता. बोट फिरवून सारखा केलेला.  भिंतीवरचा कागद मी काढून टाकला.

त्यानंतरचे महिने आपले फार मजेत गेले, अक्का. सकाळी नाल्याच्या पुलापर्यंत तुमचं आणि दगडूचं फिरणं. आधी तो थकायचा, मग तुम्ही, आणि कोण कुणासाठी थांबलं हे दोघंही कबूल करत नव्हतात. वाटेत कुणी विचारलं, "काऊन अक्का, कुत्रा वाळून राह्यला? बिमार हाये का?" तर तुम्ही थांबून, मूठ आवळून, हात पसरून, सगळा धडा शिकवायचात. माझ्यापेक्षा चांगला. तुम्ही शिकवल्यापासून समोरच्या किराणा दुकानातली मांजरसुद्धा गिऱ्हाइकांकडून तपासली जाते. काट्यापाशी आता तुम्ही दोन्ही हात वर करून उभ्या राहायचात, पोलिसांनी पकडल्यासारखं, आणि रशीदभाई गंभीर तोंडाने म्हणायचे, "बाईचे हात वर हायेत म्याडम, लिवा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांना सांगतात ना, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आपली शेती करणाऱ्याचे बैल दारात आले, तुम्ही त्यांच्या खांद्यांना लोणी लावलंत, आवतण दिलंत आणि मग खाली वाकून दगडूच्या कानातही काहीतरी पुटपुटलात. मी विचारलं काय सांगितलंत? "त्यालेबी आवतन देल्लं. आता देल्लेलं आवतन मोडता येते का, तूच सांग." डॉक्टरांना फोन करायची पाळी आली. डॉक्टर म्हणाले, पाव पुरणपोळी, आणि संध्याकाळची वाटी अर्धी. तुम्ही ती पाव पोळी पळसाच्या पानावर वाढून दगडूसमोर ठेवलीत आणि तो खाईपर्यंत पंख्याने वारा घातलात.

भिंतीचा वाद मात्र मिटला नाही. वजन उतरत होतं, बरगड्या हाताला लागायला लागल्या होत्या, तो पायऱ्या एका दमात चढत होता, तरी तुम्ही अधूनमधून भिंतीकडे बघून म्हणायचात, "चौतीस असता तं नसता नेला." आणि मी म्हणायचे, "नेला असता." शेवटच्या आठवड्यातही हे झालं. माझं शेवटचं उत्तर "नेलाच असता" हे होतं. त्यावर तुमचं यायचं आहे.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुमचा चहा पिऊन झाला होता, ओट्यावर ऊन आलं होतं, आणि दगडू तुमच्या पायाशी होता. तो भुंकला नाही. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसल्या होता, आणि मला वाटलं डुलकी लागली. याहून जास्त लिहीत नाही.

पुढचे दिवस घर भरलेलं होतं. येणारी प्रत्येक बाई रडायची, आणि रडून झालं की "बिच्चारा!" म्हणून दगडूला काहीतरी खाऊ घालायची. त्याने पहिले चार दिवस स्वतःच्या वाटीला तोंड लावलं नाही आणि पाहुण्यांचं मात्र एकही नाकारलं नाही. पाचव्या दिवशी मी दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: 'दगडूला काहीही देऊ नये. अक्कांची इच्छा.' दुसरं वाक्य खोटं आहे हे मला माहीत आहे. पण पहिल्याने कुणी ऐकत नव्हतं. पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "मास्तरीन काई सुधरनार नाई." मला बरं वाटलं, अक्का. तुमचाच आवाज वाटला.

आता जे बोलायचं राहिलं ते बोलते. मुलांनो, तुम्हीही वाचा. काडी हलकी होती म्हणून गेली नाही. तिने दार खरवडलं आणि मी उघडू दिलं नाही, म्हणून गेली. हे मी पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं, वनखात्याच्या माणसांसमोर, निदान तुमच्यासमोर तरी. दगडूसाठी दार उघडलं त्या संध्याकाळी तरी. मी पोतं अंथरलं, त्यावर चादर घातली, आणि तेवढ्यात भागेल असं समजले. तुम्ही तेवढ्यावर माफ केलंत. पण तुम्ही माफ केलंत म्हणून माझं बोलणं झालं असं होत नाही. अक्का, माझं चुकलं. मुलं काडीबद्दल विचारतील तेव्हा त्यांना आता पुरी गोष्ट ठाऊक असेल, आणि तुम्ही माझ्यासाठी ती कशी शेवटपर्यंत पोटात ठेवलीत हेही.

डॉक्टर म्हणतात अजून दोन किलो, मग पुरे. सकाळचं फिरणं मी सुरू केलं आहे. मी तुमच्यापेक्षा भराभर चालते म्हणून दगडू नाराज असतो, आणि पुलावर बसून घेतो. बसू देते.

आज दुपारी जेवण आटोपून मी तुमच्या खोलीत कपडे आवरायला गेले. तुमच्या खाटेवर दगडू झोपला होता. ती खाट किती उंच, तुम्हाला स्वतःला पाटावर पाय देऊन चढावं लागायचं. चौतीस किलोंत त्याला तिचा काठही दिसला नसता. इतक्या महिन्यांत तो नुसता खाली बसून तुमचा लोंबणारा हात चाटायचा. आज कधी उडी मारली कोण जाणे. अंगाचं वेटोळं करून, नाक तुमच्या उशीत खुपसून झोपला होता. मी दारात उभी राहिले. कुत्र्याने खाटेवर चढायचं नाही, हा माझा नियम अजून शिल्लक होता. मी "दगडू" म्हटलं. त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि मिटला.

मी जवळ गेले, त्याच्या कुशीवरून हात फिरवला. बरगड्या एकेक करून बोटांना लागल्या. मग तुमची गोधडी काढून त्याच्या अंगावर घातली आणि दार उघडंच ठेवून बाहेर आले.